नळ गळतोय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

बेसिनखालच्या अँगल कॉकमधून, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करायच्या छोट्या नळातून, थेंब थेंब पाणी येत होतं. जरा आवळला की थांबेल, म्हणून मी पाना लावला आणि कॉक आट्यांपाशी तुटून हातात आला. उरलेला तुकडा भिंतीत अडकलेला आणि त्यातून सरळ समोर धार. गच्चीवर धावलो तर दाराला कुलूप. किल्ली खाली वॉचमनकडे. कुलूप उघडलं तेव्हा टाकीखाली एका रांगेत नऊ व्हॉल्व्ह, आणि एकावरही फ्लॅटचा नंबर नाही. आमचा सापडला तोही जाम झालेला, कारण कित्येक वर्षांत कोणी तो फिरवलाच नव्हता. पाणी थांबलं तेव्हा हॉलमधल्या कपाटाचे पाय भिजून गेले होते.

त्या दिवसापासून नळदुरुस्तीबद्दल कोणी विचारलं की मी आधी हेच विचारतो: तुमच्या घराचं पाणी कुठून बंद होतं? हे माहीत नसताना पाना उचलणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या चुका महागात पडतात त्या हिच्यामुळेच.

एखाद्या रविवारी गच्चीवर जा. एकेक व्हॉल्व्ह बंद करून कोणाचं पाणी जातं ते शेजाऱ्यांना विचारून बघा आणि ऑइल पेंटने नंबर टाका. घरातला मुख्य कॉक कुठे आहे तो आई-वडिलांना, मुलांना, सगळ्यांना दाखवून ठेवा, कारण पाईप फुटतो तेव्हा घरात नेमके तुम्हीच असाल असं नाही. दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा बंद करून उघडा, म्हणजे तो क्षाराने जाम होत नाही. गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे आणून ठेवायचा. अडकलेल्या व्हॉल्व्हवर मात्र जोर करू नका. आतला दांडा तुटला की तो बंदही होत नाही आणि उघडतही नाही. प्लंबरकडून त्या जागी लिव्हरचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या.

आवळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

माझा कॉक तुटला कारण बरीच वर्षं बोअरच्या खाऱ्या पाण्यात राहून पितळ ठिसूळ झालं होतं. गळणारं काहीही आधी आवळून बघायची आपली सवय असते. जुन्या फिरकीच्या नळाचं तर रोजच असं होतं. वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, झिजला म्हणून नळ टपकतो, टपकतो म्हणून आपण आणखी जोरात बंद करतो, आणि त्या दाबाने वायसर आणखी कापला जातो. पुढे तो ज्यावर बसतो त्या पितळी सीटवरही चर पडतो. मग नवा वायसर टाकला तरी महिन्याभरात नळ पुन्हा टपकतो. वायसर काही रुपयांचा असतो. पाणी बंद करायचं, नळाचं डोकं खोलायचं, जुना वायसर खिशात घालून दुकानात जायचं आणि त्याच मापाचा आणायचा. हे काम घरच्या घरी होतं. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसरऐवजी सिरॅमिकच्या चकत्यांचा स्पिंडल असतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो, आणि त्यालाही जुना नमुना बरोबर न्यावाच लागतो.

‘थेंबाने काय होतंय’ असं वाटत असेल तर रात्री नळाखाली पातेलं ठेवा. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी जातं, वर्षाला दीड हजार लिटर. फ्लशची टाकी गळते तेव्हा तर आवाजही येत नाही. टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतला रबर गेला.

टेप उलटी, टेप नको तिथे

टेफ्लॉन टेप आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, पहिला आटा मोकळा सोडून. उलटी गुंडाळली तर नळ बसवतानाच ती सुटून गोळा होते. बेसिनच्या लवचीक कनेक्शन पाईपला टेप लागतच नाही, त्याच्या नटात रबरी वायसर असतो. तो नट हाताने घट्ट करून पान्याने थोडासाच फिरवा. प्लास्टिकच्या आट्यांवर लोखंडी पाईपसारखा धागा-सफेदा (सुताचा धागा आणि पांढरा लेप) भरू नका. जाड भरून आवळलं की फिटिंगला चीर जाते, आणि ती भिंतीच्या आत गेली तर पुढे फरशी फोडावी लागते. सीपीव्हीसी पाईपला, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाईपला, सीपीव्हीसीचंच सोल्युशन (सांधा चिकटवायचा डिंक) वापरा आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडू नका.

गिझरचं टपकणं बंद करू नका

ही चूक जिवावर बेतू शकते. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं पाणी टपकतं. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांपर्यंत तापलं की साधारण पाव लिटरने फुगतं. पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर त्या वाढलेल्या पाण्याला बाहेर पडायला तेवढीच वाट उरते. बाथरूममध्ये टपटप नको म्हणून त्या तोंडाला बूच लावलेलं मी पाहिलं आहे. कृपा करून असं कधीही करू नका. तिथून एक बारीक नळी जाळीपर्यंत सोडा, तोंड उघडं ठेवून. गिझर बंद असतानाही पाणी वाहत असेल किंवा कढत पाणी आणि वाफ येत असेल तर बटण बंद करून माणूस बोलवा. गच्चीवरची टाकी धुतल्यावर किंवा पाईपचं काम झाल्यावर गरम पाण्याच्या नळाला भरून धार येईपर्यंत गिझर लावायचा नाही, नाहीतर कोरडा कॉईल जळतो.

तुंबलं की ॲसिड

सिंक तुंबलं की आधी ॲसिड, मग पावडर, मग आणखी काहीतरी, असं एकावर एक ओतलं जातं. ॲसिडवर कॉस्टिकची पावडर पडली की उकळल्यासारखं उसळून तोंडावर येतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत जातो. आधीच काही ओतलं असेल तर प्लंबर आल्याआल्या त्याला सांगा. तो बिचारा उघड्या हाताने ट्रॅप, म्हणजे खालचा पाणी साठून राहणारा भाग, खोलतो.

खरं तर सिंकखालचा बॉटल ट्रॅप हाताने खोलता येतो. खाली बादली ठेवा, वाटी फिरवून काढा. चहापत्ती, भात आणि तुपाचा पांढरा थर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. रबरी पंप मारताना बेसिनचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. मे महिन्यात गावाहून परतल्यावर बाथरूममध्ये वास आला तर घाबरू नका. नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, दोन तांबे ओता.

ओल दिसली की लगेच फोडाफोडी नको

खालच्या मजल्यावरून ‘तुमच्या बाथरूममुळे आमच्या छताला ओल आली’ असा निरोप आला की लोक घाईने फरशी काढायला घेतात. आधी दोन दिवस ते बाथरूम वापरू नका, पण पाणी चालू राहू द्या. ओल तशीच ओली राहिली तर दाबाचा पाईप गळतोय असा संशय घ्यायचा. सुकायला लागली आणि आंघोळीनंतर पुन्हा भिजली तर सांडपाण्याची लाईन, ट्रॅपचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग. ही टिपणं प्लंबरच्या हाती द्या. त्याचं निम्मं काम होतं आणि तुमची फरशी वाचते.

प्लंबर कधी बोलवायचा, याचं माझं उत्तर सरळ आहे. डोळ्यांना दिसतं आणि ज्याचं पाणी तुम्हाला बंद करता येतं ते स्वतः करून बघा. भिंतीच्या आतलं, गिझरचं आणि सोसायटीच्या सामाईक लाईनचं त्याच्यावर सोपवा. संडास, नहाणी आणि सिंक एकाच वेळी तुंबले तर अडथळा पुढच्या लाईनमध्ये असतो, घरात पंप मारून काही होणार नाही. मोटरला करंट लागत असेल तर इलेक्ट्रिशियनच हवा.

सामान कोण आणणार आणि मजुरी किती, हे काम सुरू होण्याआधीच ठरवा. ‘पाईप बदलावा लागेल’ असं कोणी म्हणालं तर कुठे आणि कशावरून, हे विचारायला संकोच करू नका. चांगला प्लंबर आनंदाने दाखवतो. भिंतीतली लाईन नवी टाकली असेल तर टाईल्स बसण्याआधी प्रेशर पंपाने ती तपासून घ्या, आणि उघड्या पाईपांचे फोटो शेजारी मोजायची टेप धरून काढा. पुढे आरशासाठी भिंतीला ड्रिल लावाल तेव्हा आधी ते फोटो उघडून बघा.