ओव्हनमधली भांडी बाहेर काढा

इंग्लंडमध्ये नव्यानं आलेल्या मराठी घरातला ओव्हन उघडला की आत बहुधा कढया निघतात. शिवाय परात, कुकरची जादा डबी आणि कधी पोळ्यांचा तवाही. भाड्याच्या घरात कपाटं कमी, त्यामुळे समजण्यासारखं आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात येणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते, की आधी ती भांडी बाहेर काढा. पुढचे पाच-सहा महिने इथे जी भाजी स्वस्त, ताजी आणि मुबलक मिळणार आहे ती जमिनीखालची आहे, आणि तिचं चीज ओव्हनमध्येच होतं.

पहिल्या आठवड्यात सगळे देशी दुकान शोधतात. शोधावंच. पण तिथली भेंडी, गवार, तोंडली दूरदेशाहून आलेली असतात. हिवाळ्यात त्यांचे भाव बघून पोटात गोळा येतो आणि घरी आणून चिरायला घ्यावी तर निम्मी भेंडी जून. त्याच वेळी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात गाजरं, बटाटे आणि पार्सनिप, स्वीड हे इथले कंद मातीमोल भावानं पडलेले असतात. लोक ते आणतात, सवयीनं फोडणीला टाकतात, वर झाकण ठेवतात. मग पार्सनिपचा गोडमिट्ट लगदा होतो, स्वीडला जास्त शिजलेल्या कोबीचा वास येतो आणि 'इथल्या भाज्यांना चवच नाही' असा निकाल लागतो. माझ्या मते हा निकाल भाजीवर अन्याय करणारा आहे. चुकते ती फक्त पद्धत.

आधी ओव्हन सुरू कसा करायचा ते सांगते, कारण बरेच जण इथेच अडतात. इलेक्ट्रिक ओव्हनला भिंतीवर वेगळा मोठा खटका असतो, पुष्कळ घरांत लाल रंगाचा, कधी शेजारच्या कपाटात लपलेला. तो चालू नसेल तर बाकी सगळी बटणं फिरवून उपयोग नाही. दुसरं म्हणजे घड्याळ. त्यावर शून्यं लुकलुकत असतील तर कित्येक ओव्हन वेळ लावेपर्यंत तापतच नाहीत. वीज जाऊन आली की पुन्हा तेच. घर भाड्यानं देणाऱ्या एजंटाला फोन करण्याआधी वेळ लावून बघा. नॉबवर शब्द नसतात, चित्रं असतात. पंख्याचं चित्र म्हणजे गरम हवा फिरवणारा फॅन, वर आणि खाली आडव्या रेघा म्हणजे साधी उष्णता, वर नागमोडी रेघ म्हणजे ग्रिल. कंदमुळांना फॅन लावायचा. गॅसच्या ओव्हनवर अंश नसून १ ते ९ असे आकडे असतात. फॅनचे २०० अंश, साध्या ओव्हनचे २२० आणि गॅसचा ७ हे तिन्ही एकच धरा. खाली जिथे जिथे २०० म्हटलंय ते फॅनचं आहे.

आता भाजण्याचं मर्म. गाजरात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, बटाट्यात आणि पार्सनिपमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या फारसं वर जात नाही, आणि खमंगपणा, तांबूस रंग हे सगळं १४० च्या पुढे सुरू होतं. म्हणजे पाणी निघून जायला वाट हवी. रायगडकडच्या मंडळींना पोपटी माहीत असते. तिथे मडक्याचं तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानं बंद करतात, कारण वाल, कांदे, बटाटे वाफेतच शिजायला हवे असतात. इथे नेमकं उलट. ट्रे उघडा हवा आणि फोडी एकमेकींना न चिकटता एका थरात हव्यात. आपण एका ट्रेमध्ये दोन ट्रेंची भाजी कोंबतो, मग ती भाजली न जाता उकडते. चार माणसांसाठी करत असाल तर सरळ दोन ट्रे लावा.

ट्रेबद्दल थोडं. दुकानातला सगळ्यात स्वस्त पातळ ट्रे २०० अंशांना आतमध्ये वाकडा होतो आणि असा 'ठण्ण' आवाज येतो की नवीन माणूस दचकतोच. घाबरू नका, काही फुटलेलं नसतं. पण वाकलेल्या ट्रेमध्ये तेल एका कोपऱ्यात जमतं, म्हणून एक जाड ट्रे घ्या, वर्षानुवर्षं टिकतो. तेल साधं 'व्हेजिटेबल ऑइल' पुरतं. इथे त्या नावाच्या बाटलीत बहुधा रेपसीडचं तेल असतं, म्हणजे आपल्या मोहरीच्या भाऊबंदांतलंच, पण वास नसलेलं. महागडं ऑलिव्ह ऑइल यासाठी जाळू नये. साजूक तूप मात्र उत्तम, ते या तापमानाला सहज टिकतं.

सुरुवात पार्सनिपपासून करा. दिसायला पांढरट, फिकट गाजरासारखा, वास मात्र निराळा, जरा जायफळाकडे झुकणारा. थंडी पडली, जमिनीवर दव गोठायला लागलं की त्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून ऑक्टोबरातल्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीतला जास्त गोड. निवडताना मध्यम घ्या. मनगटाएवढा जाड झालेला आतून काष्ठवत असतो. साल काढून आडवा दोन भागांत कापा. खालची निमुळती शेपटी तशीच ठेवायची. वरचा जाड भाग उभा चार तुकड्यांत कापायचा आणि मधला दांडा टणक लागला तर सुरीनं काढून टाकायचा. शेपटीची जाडी आणि फोडींची जाडी साधारण सारखी झाली पाहिजे, नाहीतर बारीक कोळसा होतात आणि जाड कच्चे राहतात. किलोभर फोडींना दोन-तीन टेबलस्पून तेल, मीठ, आणि हातानं चोळणं. हे चोळणं चमच्यानं होत नाही. २०० वर पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. शेपट्या कडक आणि गडद होतात, जाड फोडी बाहेरून चिवट आणि आतून साय. दार सारखं उघडून बघू नका. कढईपाशी उभं राहून हलवत बसायची सवय इथे सोडावी लागते, कारण दर वेळी गरम हवा बाहेर जाते आणि वेळ वाढत जातो.

आता मसाल्याचं. हळद, तिखट, धनेपूड सुरुवातीलाच लावली तर चाळीस मिनिटांत ती जळून कडू होते. सुरुवातीला फक्त तेल-मीठ, फार तर अख्खे जिरे. तिखट आणि गोडा मसाला शेवटच्या दहा मिनिटांत. मध किंवा गूळ लावायचा असेल तर तोही तेव्हाच. माझ्या घरी तर मसाला ओव्हनमध्ये जातच नाही. ट्रे बाहेर आला की छोट्या कढल्यात मोहरी, हिंग, लाल मिरची, कढीपत्त्याची फोडणी करून वरून ओतायची आणि लिंबू पिळायचं. गाजर-पार्सनिपचा गोडवा या फोडणीनं जागेवर येतो. वर दाण्याचं कूट घालणारे घालतात, मला ते इथे जड वाटतं.

बटाट्याची गोष्ट वेगळी, आणि इंग्रज माणूस याबाबतीत तडजोड करत नाही. पिशवीवर 'मॅरिस पायपर' किंवा 'किंग एडवर्ड' लिहिलेलं बघून घ्या, हे पिठूळ. 'शार्लट' चिकट जातीचा, सॅलडला बरा, पण भाजून फुलत नाही. मोठ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळायच्या, चाळणीत निथळून पाच मिनिटं वाफ जाऊ द्यायची, मग चाळणी झाकून खडखडून हलवायची म्हणजे कडा खरबरीत होतात. तोवर ट्रेमध्ये तेल घालून तो ओव्हनमध्येच तापत ठेवायचा. फोडी टाकल्यावर चर्र आवाज आला पाहिजे. आला नाही तर तेल तापलेलं नाही. पाऊण तास ते तास, मध्ये दोनदा उलटणं. रंग सोनेरी झाला की थांबा. फार काळपट भाजलेल्या बटाट्यात अपायकारक समजलं जाणारं अ‍ॅक्रिलामाइड वाढतं, म्हणून इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सी या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २०१७ साली सोनेरी रंगावर थांबा अशी मोहीमच काढली होती.

शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवावं: पबमध्ये, ऑफिसच्या नाताळच्या जेवणात किंवा कुणाच्या घरी रविवारच्या रोस्टला, म्हणजे भाजलेलं मांस आणि बटाट्यांच्या जेवणाला, बोलावलं तर ताटातले बटाटे पुष्कळदा हंसाच्या नाहीतर गाईच्या चरबीत भाजलेले असतात. दिसायला काही कळत नाही. फ्रीझरमधल्या तयार पाकिटांतही हे असतं. 'हे कशात भाजलंय?' असं सरळ विचारा, इथे कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. पाकिटावर शाकाहारी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घटकांची यादी वाचा.

बीट आणताना एक घोटाळा टाळा. सुपरमार्केटात शिजवलेलं बीट प्लॅस्टिकच्या घट्ट पाकिटात मिळतं आणि त्यातलं काही व्हिनेगरमध्ये मुरवलेलं असतं. ते दह्याच्या कोशिंबिरीत घातलं की सगळी कोशिंबीर वाया. कच्चं बीट घ्या, धुवा, साल न काढता फॉइलमध्ये गुंडाळा आणि १८० वर तासभर ठेवा. सुरी सहज गेली पाहिजे. गार झाल्यावर साल अंगठ्यानं निघते. असं भाजलेलं बीट, दही, मीठ, वरून जिरं-मिरचीची तुपातली फोडणी. उकडलेल्या बिटाचा पाणचटपणा यात नावाला नसतो. पाला असेल तर टाकू नका, लसूण घालून त्याची भाजी होते.

रताळं इथे नारिंगी गराचं मिळतं. आपल्या लाल सालीच्या, पांढऱ्या गराच्या रताळ्यापेक्षा ते ओलसर, त्यामुळे फोडी कुरकुरीत होण्याची आशा धरू नका. अख्खंच काट्यानं टोचून २०० वर पाऊण तास ठेवा, साखरेचा पाक बाहेर येऊन सालीवर काळा होतो, मग फोडून तूप आणि मीठ. एकादशीला आणि महाशिवरात्रीला हे बिनकष्टाचं फराळाचं. पांढऱ्या गराचं हवंच असेल तर देशी किंवा आफ्रिकी दुकानात बघा. तिथेच अळकुड्याही मिळतात, बहुधा 'एडो' या नावानं. त्या आधी उकडून, चपट्या दाबून, मग भाजायच्या.

स्वीड म्हणजे जांभळट-पिवळा, डोक्याएवढा गोळा. चिरताना बोटं सांभाळा. आधी बुडाची चकती कापून सपाट बैठक करा, मग तो घरंगळत नाही. विळी आणली नसेल तर जड सुरी हवीच. इंचभर फोडी, पार्सनिपपेक्षा दहा मिनिटं जास्त. चव जरा कडवट असते, म्हणून मी त्याला तिखट आणि आमचूर लावते. स्कॉटलंडमध्ये राहायला गेलात तर यालाच नीप्स म्हणतात आणि २५ जानेवारीला, बर्न्स नाइटला, हॅगिस या मेंढीच्या काळीज-फुफ्फुसांच्या पदार्थासोबत घरोघर कुटून वाढतात. सेलेरिॲक हा सेलरीच्या जातीचा कंद हवं तर करून बघा. जेरुसलेम आर्टिचोक हे कंदमूळ चविष्ट, पण पोटात वायू धरतं, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर जपून.

खरेदीची वेळ सांगते: नाताळच्या आधीचा आठवडा. मोठ्या सुपरमार्केटांत भाजीच्या भावांची चढाओढ लागते आणि गाजर, पार्सनिप, स्वीड, बटाटे अक्षरशः काही पेन्सना मिळतात. हे कंद टिकाऊ. गाजर-पार्सनिप फ्रिजच्या खालच्या खणात काही आठवडे राहतात, बटाटे मात्र अंधारात ठेवा, उजेडात हिरवे पडतात. लंडनमध्ये असाल तर लुईशमसारख्या उघड्या बाजारात भाजी वाडग्याच्या मापानं मिळते, तीही बघून ठेवा.

भाड्याच्या घराबद्दल दोन गोष्टी. इंग्लंडमध्ये राहत्या प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म लावणं घरमालकाला २०१५ पासून बंधनकारक आहे. तो फोडणीनंही वाजतो आणि ओव्हनच्या तळाशी सांडलेल्या जुन्या तेलानंही. त्याला पिशवी बांधणं किंवा बॅटरी काढणं असले उद्योग करू नका. खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, तळ पुसून ठेवा. दुसरी गोष्ट डिपॉझिटची. घर सोडताना पैसे कापायचं हमखास कारण म्हणजे मळलेला ओव्हन. राहायला आलात त्याच दिवशी आतून फोटो काढा आणि एजंटाच्या यादीत त्याची अवस्था काय लिहिली आहे ते ताडून बघा. ट्रेवर बेकिंगचा कागद घाला, पण ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरू नका, खालची उष्णता अडते आणि ते चिकटूनही बसतं.

उरलेलं भाजलेलं गाजर, स्वीड, बटाटा दुसऱ्या दिवशी कुस्करून पावभाजीत घाला. पाणी आधीच निघून गेलेलं असल्यामुळे आटवत बसावं लागत नाही. पार्सनिप चार फोडींपुरता ठेवा, नाहीतर भाजी गोड होते आणि जास्तीची मिरची घालत बसावं लागतं. थालीपिठात मात्र तो कितीही चालतो.