पायात रॉड पडलाय? पेशंट घरी यायच्या आधी घर तयार करा

पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरून नाहीतर झाडावरून पडून नडगी मोडली की पहिलं काम म्हणजे पाय आहे तसाच फळी किंवा उशी लावून बांधा आणि 108 ला फोन करा. हाड बाहेर दिसत असेल तर स्वच्छ कपड्याने झाका, आत ढकलू नका, आणि अशा जखमेला हॉस्पिटल लगेच गाठायचं, कारण अँटिबायोटिक जितकं लवकर तितकं बरं. चोळून बसवणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका. आणि कृपा करून चहा पाजू नका, ऑपरेशनला पोट रिकामं लागतं.

हॉस्पिटलात गेल्यावर रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला भेटा, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतंय का ते भरती होतानाच विचारायचं. सूज जास्त असली तर डॉक्टर काही दिवस थांबतात, तेव्हा नातेवाईक उगाच घाई करतात, करू नका, सुजलेल्या कातडीवर चिरा दिला तर टाके नीट भरत नाहीत.

हाडाच्या आत सळई (रॉड) नाहीतर वरून पट्टी (प्लेट) बसवून ऑपरेशन उरकतं हो, खरी परीक्षा घरी. आपली घरं म्हणजे अंगणातून पडवीत चढायला उंच पायऱ्या, प्रत्येक दाराला उंबरठा, संडास मागल्या दारी आणि तोही उकिडवा बसायचा. म्हणून पेशंट हॉस्पिटलात आहे तोवरच खाट पडवीत किंवा ओटीवर आणा, उंची अशी की बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील. कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. वॉकरचे रबरी बूट झिजलेत का बघा, ओल्या लादीवर किंवा नुकत्या सारवलेल्या जमिनीवर वॉकर सरकतो आणि दुसरं हाड मोडायची पाळी येते, पावसात तर दारात गोणपाट टाकून तो कायम कोरडा ठेवायचा पण वॉकरच्या वाटेत नको. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे घरातल्या सगळ्यांना पाठ करून टाका.

पायावर वजन कधी टाकायचं ते फक्त सर्जन सांगेल. रॉडवाल्याला लवकर परवानगी मिळू शकते, सांध्याजवळ प्लेट असेल तर बऱ्याचदा सहा ते बारा आठवडे नाही, त्यामुळे शेजारचा कधी चालायला लागला ते मोजू नका. घोटा वरखाली करणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं हे मात्र झोपल्या झोपल्या पहिल्या दिवसापासून, नाहीतर गुडघा आखडतो.

खाण्यात पथ्याच्या नावाखाली मासे, अंडी बंद करतात ते मला अजिबात पटत नाही, हाड भरायला प्रोटीन लागतं, डॉक्टरने मनाई केली नसेल तर बांगडा, कुळथाची पिठी, उसळ सगळं चालतं. बंद करायचं ते तंबाखू, मिश्री, विडी, त्याने हाड जुळायला खरंच उशीर होतो.

पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, जखमेतून पू आला, ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. छातीत दुखून दम लागला किंवा बोटं बधिर, गार पडून गोळ्या घेऊनही कळ वाढत गेली तर सकाळची एसटी बघत बसू नका, रात्री असेल तर रात्री निघा. डिस्चार्जचा कागद आणि सगळे एक्सरे एका प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवा, पुढच्या प्रत्येक तपासणीला जुना एक्सरे शेजारी लावूनच हाड किती जुळलंय ते कळतं.