लॅपटॉप घरी ठेवून डिजिटॅक्टवर लाइव्ह सेट: सिंक आधी, बीट नंतर

हे सगळं पहिल्या डिजिटॅक्टबद्दल आहे, म्हणजे स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीने 2017 ला काढलेला तो सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) वाजवणारा डबा: आठ ट्रॅक ऑडिओचे आणि आठ मिडीचे, मिडी म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला काय आणि कधी वाजवायचं ते सांगायची भाषा. 2024 च्या डिजिटॅक्ट टूमध्ये ट्रॅक सोळा झाले, सॅम्पल स्टिरिओ झाले, पण सिंकचं, म्हणजे सगळी मशीनं एका लयीत चालवायचं, गणित तेच. सोबत कोर्ग कंपनीचा छोटा सिंथ (सिंथेसायझर) व्होल्का बेस आणि अजून एखादा व्होल्का धरूया, कारण स्वस्तातला सिंथ म्हणून बऱ्याच जणांकडे तोच असतो.

आधी ठरवा की क्लॉक, म्हणजे टेम्पोचे ठोके, कोण देणार. एकानेच द्यायचा. ढोल पथकात जसं ताशा सांगतो तेव्हाच ढोल फिरतात, तसं इथे डिजिटॅक्ट ताशा. सेटिंग्जमध्ये मिडी कॉन्फिग, त्यात सिंक, तिथे क्लॉक सेंड आणि ट्रान्सपोर्ट (स्टार्ट-स्टॉपचा मेसेज) सेंड चालू करा, आणि दोन्ही रिसीव्ह बंद. ते रिसीव्ह बंद करायचं लोक विसरतात, मग दुसरं कुठलं मशीन जोडलं आणि तेही क्लॉक पाठवत असलं की टेम्पो वेड्यासारखा हलतो आणि आपण केबल बदलत बसतो.

मिडी क्लॉक म्हणजे एका बीटला 24 टिकटिक, 120 बीपीएमला (मिनिटाला 120 बीट) सेकंदाला 48, बस. त्या टिकटिकीत आपण कितव्या बारमध्ये आहोत हे कुठेच नसतं, ते कळतं स्टार्ट मेसेजवरून. म्हणून चालू गाण्यात केबल जोडली तर टेम्पो जुळेल पण सम जुळणार नाही, सरळ स्टॉप करा आणि परत प्ले दाबा.

वायरिंग असं: डिजिटॅक्टचा मिडी आउट व्होल्का बेसच्या मिडी इनला, मोठी पाच पिनवाली केबल. व्होल्काला मिडी आउट नसतो, त्यामुळे पुढच्या व्होल्काला त्याच्या छोट्या सिंक आउटमधून साधी 3.5 एमएमची केबल न्यायची. आता व्होल्काच्या नोट्सपण डिजिटॅक्टच्या मिडी ट्रॅकवरून वाजवायच्या असतील तर त्याला 9 किंवा पुढचा चॅनेल द्या, कारण 1 ते 8 साधारण ऑडिओ ट्रॅकच्या नावावर असतात, आणि व्होल्काच्या आतला सिक्वेन्स पुसून टाका, नाहीतर स्टार्ट मिळाला की तो आपलं वेगळंच वाजवत सुटतो.

सॅम्पलमध्ये एक गोची आहे. साधा वाजवलेला सॅम्पल टेम्पोप्रमाणे आपोआप लांब-आखूड होत नाही, त्यामुळे ढोलकीचा लूप 110 ला रेकॉर्ड केला आणि सेट 124 ला असेल तर तो बसणार नाही, पिच वाढवून बसवला तर ढोलकीची खेळणी होते. त्यापेक्षा एका बारचा लूप नीट कापून घ्या, बारच्या सोळा स्टेपवर (घरांवर) सोळा ट्रिग, म्हणजे ‘इथे वाजव’ अशा खुणा, टाका आणि प्रत्येक स्टेप दाबून धरून स्टार्ट पॉइंट बदला. स्टार्टची रेंज 0 ते 120 आहे, म्हणजे दर स्टेपला 7.5 ने पुढे: 0, 7.5, 15, 22.5 असं. आता टेम्पो काहीही करा, प्रत्येक थाप आपल्या जागेवरच पडते, आणि दोन-चार आकडे उलटसुलट केले की नवीनच ठेका मिळतो, जो मला तरी मूळ लूपपेक्षा जास्त आवडतो. प्रोजेक्टला मेमरी 64 एमबी, मोनोमध्ये ती अकरा मिनिटांच्या वर पुरते, तेव्हा मेमरी पुरणार नाही ही काळजी सोडा.

पॅटर्न, म्हणजे साठवलेले ठेके, कमी ठेवा. माझ्या मते एका गाण्याला तीन-चार खूप झाले, बाकी सगळं म्यूटवर आणि कंडिशनवर (ट्रिग कधी वाजायचा याची अट) काढायचं. हायहॅटच्या एखाद्या ट्रिगला 50 टक्के (वाजायची शक्यता), क्लॅपला 1:4 (चार फेऱ्यांतल्या पहिलीला), आणि रोलच्या ट्रिगना फिल (मधली भर) कंडिशन द्या, मग वाजवताना पेज बटण धरलं की फिल येतो, सोडलं की गायब.

आणि खरी मजा ही: पॅटर्न वाजत असताना फंक्शन अधिक यस दाबून तात्पुरता सेव्ह करा, मग ट्रॅक बटण धरून फिल्टरचं नॉब फिरवा, आठही ट्रॅकचा फिल्टर एकदम फिरतो, डिले पाठवा, पिच उचला, हवा तेवढा राडा करा, आणि बारच्या पहिल्या बीटला फंक्शन अधिक नो. सगळं जागेवर. ड्रॉप (बीट दणक्यात परत येणं) तयार! फक्त आधी यस दाबायचं विसरलात तर नो तुम्हाला मागच्या कुठल्यातरी सेव्हवर नेईल, तेव्हा साउंडचेकलाच सगळे पॅटर्न सेव्ह करून ठेवा.

लॅपटॉप आणायचाच असेल तर फक्त रेकॉर्डिंगला आणा, क्लॉक त्याच्या हातात नको. यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमधून किरकिर आली तर तो बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, असतो. पाच पिनच्या मिडीत हा त्रास होत नाही, कारण मिडी इनला ऑप्टोकपलर असतो आणि सिग्नल आत प्रकाशाने जातो, तारेने नाही. तेव्हा स्टेजवर यूएसबी काढून टाका आणि ऑडिओ सरळ मिक्सरला द्या.