उद्याचा ‘मी’ आजच्यासारखाच वागतो: काळाच्या हिशेबात या चुका टाळा

आज 1000 रुपये की महिन्याने 1200? बरेच जण 1000 उचलतात. तोच प्रश्न वर्षभर पुढचा करा, म्हणजे 12 महिन्यांनी 1000 की 13 महिन्यांनी 1200, तर त्यांच्यातलेच पुष्कळ जण थांबायला तयार होतात. इथे पहिली चूक होते: ‘माणूस अधीर आहे’ म्हणून वटाव दर, म्हणजे पुढच्या पैशाची किंमत आज जितक्या टक्क्यांनी कमी धरतात तो दर, वाढवला जातो. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांच्या 1937 च्या मांडणीत दर महिन्याला सारखाच वटाव कापतात. तो कितीही चढा ठेवा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येणार. इथे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड लेबसन यांनी 1997 साली वापरलेला बीटा, म्हणजे 1 पेक्षा लहान आकडा, लागतो: ‘आत्ता’ सोडून पुढच्या सगळ्या काळाला एकदाच बीटाने गुणायचं. बीटा 0.7 धरा, मासिक वटाव सोडून द्या. आज 1000 विरुद्ध 840. वर्षानंतरच्या प्रश्नात 700 विरुद्ध 840. पसंती उलटली.

दुसरी चूक फार महाग पडते. कोकणातल्या कौलारू घराची शाकारणी घ्या. समजा, तिचा त्रास मार्चमध्ये 4, एप्रिलमध्ये 7, मेमध्ये 12 आणि जूनच्या पावसात 20, बीटा 0.5. मार्चमध्ये वाटतं, आज 4, एप्रिलला केलं तर 7 चे निम्मे 3.5. राहू दे. एप्रिलमध्ये 7 विरुद्ध 6, राहू दे. मेमध्ये 12 विरुद्ध 10. शेवटी गळक्या छपराखाली 20. गुणाकार कुठेच चुकला नाही; पुढच्या महिन्यातला आपण नक्की करू, हे गृहीत चुकलं.

म्हणून हिशेब शेवटाकडून मांडा. मेमधला मी 12 सोडून जूनचे 10 निवडणार, म्हणजे करणार नाही. मग एप्रिलपुढे खरा पर्याय जूनचाच: 7 विरुद्ध 10. एप्रिलमध्ये काम होतं. मार्च तरीही चुकतोच, पण 20 ऐवजी 7 वर सुटका. बीटा तोच, अधीरपणा तोच! मला या विषयातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

कौलं आणि मजुरी यांचे पैसे देऊन मार्चचं काम मार्च उजाडण्याआधीच पक्कं करून टाकलं, तर 4 वरही भागेल. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांनी 1950 च्या दशकातच असं स्वतःला आधी बांधून घेणं मांडलं होतं. पण सरसकट बांधून घेऊ नका. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, म्हणून बेत बदलला तर तो बीटाचा दोष नव्हे. आधी विचारा: नवं काही कळलं, की नुसती तारीख जवळ आली? नुसती तारीख असेल, तरच कुलूप लावा.