प्रायोगिक सिनेमा करायचाय? मग लगीनसराई सोडू नका

जळगाव-धुळ्याकडची पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, यात पैसा आहे का?" नाही. प्रायोगिक फिल्मवर माझं घर एक दिवसही चाललेलं नाही. ते चालतं लग्नाच्या शूटिंगवर. हळद, मांडव, वरात, ड्रोन, अल्बम, सगळं करतो आणि मन लावून करतो. तुळशीचं लग्न लागलं की जूनपर्यंत हात कॅमेऱ्यावर बसलेला राहतो, आणि पावसाळ्यात ऑर्डरी थांबल्या की एडिटिंगचा कॉम्प्युटर माझ्या एकट्याचा. मुंबईत खोलीच्या भाड्यापायी कुणाच्या तरी सिरियलवर सहावा असिस्टंट होण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. पटत नसेल तर भुसावळहून मुंबईला गाड्या भरपूर आहेत.

शिक्षणाचं म्हणाल, तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत प्रवेश मिळाला तर सोनंच; नाही मिळाला तर त्यांचे कमी मुदतीचे कोर्सही असतात. पण आधी बघायला शिका. प्रमोद पतींपासून सुरुवात करा. फिल्म्स डिव्हिजनसारख्या सरकारी खात्यात राहून या माणसाने 1968 साली 'एक्सप्लोरर' केली. तिच्यात सांगण्यासारखी गोष्ट नाही, चित्रांचा आणि आवाजांचा नुसता मारा आहे. तोही सरकारी खर्चाने! दुसरं, चाळीसगावला केकी मूस यांचं घर बघून या. विलायतेत शिकून आलेला हा कलावंत पुढची जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडला, आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड खेळवून अख्खी दृश्यं उभी करत फोटो काढत राहिला. पंजाब मेलने येईन म्हणालेल्या प्रेयसीची तो आयुष्यभर वाट बघत राहिला, ही गोष्ट तिथे सगळेच सांगतात. मला त्या गोष्टीपेक्षा ते टेबल मोलाचं वाटतं. विषयासाठी गाव सोडावं लागत नाही, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

माझी एक फिल्म रब्बीच्या रात्रींवर आहे. शेतीची थ्री फेज लाईट रात्री येते तेव्हा माणूस गोधडी घेऊन मोटारीपाशी बसतो. काळोखात स्टार्टरच्या पेटीवरचे तीन दिवे फक्त: लाल, पिवळा, निळा. एक फेज गेला की एक दिवा विझतो, आणि बसलेला माणूस मान वर करतो. एवढंच. हे शूट करायला मोठा कॅमेरा लागला नाही, मोबाईल पुरला. पण ऑटो मोड बंद करावा लागला. ऑटोवर ठेवलात की मोबाईल अंधार उजळायला बघतो आणि काळ्याचा करडा, दाणेदार चिखल होतो. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड-अंधार, लॉक करा; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, खाली ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, नाहीतर दिव्याच्या उजेडात पट्टे सरकताना दिसतात. मोटारीची घरघर दुसऱ्या मोबाईलवर वेगळी घेतली. आवाजाकडे नवे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि फिल्म तिथेच पडते. मे महिन्याचं वेगळंच: 45 अंशांत मोबाईल तापून बंद पडतो, तेव्हा कव्हर काढा, सावलीत थांबा आणि सकाळी नऊच्या आत काम उरका.

ही फिल्म मी पहिल्यांदा मळ्यातच पांढरी चादर बांधून दाखवली. बराच वेळ ते तीन दिवे बघून एक आजोबा म्हणाले, "पिच्चर कव्हय सुरू व्हई भो?" सगळे हसले, मीही हसलो. पण एक दिवा विझला तेव्हा मागून तिघा-चौघांनी एकदम "फेज गया!" म्हटलं. पुढे एका महोत्सवात परीक्षकांनी फिल्ममधल्या त्या क्षणाबद्दल मला बरंच काही विचारलं. त्या मळ्यात कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं.

महोत्सवांबाबत हात आखडता ठेवा. ऑनलाइन अर्ज करताना डॉलरमध्ये फी कापली जाते आणि 'अवॉर्ड' विकणारी दुकानं ढीगभर आहेत. ज्यांचा जुना कार्यक्रम, परीक्षकांची नावं आणि खरंच झालेले खेळ सापडतात, तिथेच पाठवा. मुंबईचा मिफ, केरळचा आयडीएसएफएफके, जर्मनीचं ओबरहाउझेन ही लघुपट-माहितीपटांच्या महोत्सवांची नावं माहीत असू द्या. फी परवडत नसेल तर माफीसाठी दोन ओळींची सरळ मेल करा. काही जण देतात. अनुदानासाठी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे लक्ष ठेवा. थिएटरात जाहीर खेळ लावायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा खर्च आधीच धरा. अहिराणी संवादांची इंग्रजी सबटायटल्स मात्र अहिराणी येणाऱ्याकडूनच तपासून घ्या. आणि मूळ फुटेज दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.