लॅटिनमधलं ‘लढणे’ : ‘पुग्नो’ची रूपं कशी चालवायची

शाळेत संस्कृतचे धातू चालवलेल्यांना लॅटिन जड जाऊ नये. सुरुवातीला ‘पुग्नो’ घ्या. अर्थ ‘मी लढतो’, मूळ ‘पुग्नुस्’ म्हणजे मूठ. हे क्रियापद अगदी नियमाने चालतं.

आधी शब्दकोशातली चार रूपं पाठ करा: पुग्नो, पुग्नारे, पुग्नावी, पुग्नातुम्. दुसऱ्यातला ‘रे’ काढला की ‘पुग्ना’ हे अंग उरतं. त्याला प्रत्यय लावून वर्तमानकाळ म्हणा:

पुग्नो, पुग्नास्, पुग्नत्
पुग्नामुस्, पुग्नातिस्, पुग्नन्त्

मी, तू, तो. आम्ही, तुम्ही, ते असा क्रम. शेवटचं रूप ऐकून ‘वदन्ति’ आठवलं तर बरोबरच आहे, दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. वही देवनागरीत ठेवा, ऱ्हस्व-दीर्घ ‘अ’ आपोआप दिसतो: ‘पुग्नास्’मध्ये ‘ना’, ‘पुग्नत्’मध्ये ‘न’. लिंगाची कटकट नाही. तो लढतो, ती लढते, ते लढतं, सगळ्यांना ‘पुग्नत्’.

‘लढत होतो’साठी अंगापुढे ‘बा’ येतो: पुग्नाबम्, पुग्नाबास्, पुग्नाबत्, पुग्नाबामुस्, पुग्नाबातिस्, पुग्नाबन्त्. ‘लढेन’साठी पुग्नाबो, पुग्नाबिस्, पुग्नाबित्, पुग्नाबिमुस्, पुग्नाबितिस्, शेवटी मात्र ‘पुग्नाबुन्त्’. इथे ‘बु’ होतो, तेवढं घोटून ठेवा.

‘लढलो’साठी तिसरं रूप धरा. पुग्नावी, पुग्नाविस्ती, पुग्नावित्, पुग्नाविमुस्, पुग्नाविस्तिस्, पुग्नावेरुन्त्. हे प्रत्यय वेगळे आहेत, पाठ करण्यावाचून इलाज नाही. आज्ञार्थ सोपा: एकाला ‘पुग्ना’, अनेकांना ‘पुग्नाते’.

आता वाक्यात वापरा. ‘शत्रूशी लढतो’ म्हणजे ‘कुम् होस्ते पुग्नत्’. आपल्या ‘-शी’चं काम इथे ‘कुम्’ करतं.

खरी गंमत चौथ्या रूपात आहे. इ.स.पू. 55 मध्ये सीझरचं सैन्य ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरलं. त्या झुंजीबद्दल तो लिहितो: ‘पुग्नातुम् एस्त् अब् उत्रीस्क्वे आक्रितेर्’. दोन्हीकडून जोरात लढलं गेलं. कोण लढलं ते ‘अब्’ने जोडून येतं, पण क्रियापद त्यांच्या मागे जात नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनातच राहतं. इंग्रजीतून लॅटिन शिकणारे इथे हमखास अडखळतात. आपल्याला मात्र भावे प्रयोग ठाऊक असतो: ‘शिपायांनी लढावं’ म्हणताना शिपाई कितीही असले तरी ‘लढावं’ तसंच राहतं. असं वाक्य दिसलं की कर्ता शोधत बसू नका, सरळ ‘लढाई झाली’ असा अर्थ लावा.

उपसर्ग लागले की अर्थ बदलतो, रूपं तशीच चालतात. ‘ओप्पुग्नो’ म्हणजे हल्ला चढवणे, ‘एक्स्पुग्नो’ म्हणजे गड किंवा शहर सर करणे, ‘रेपुग्नो’ म्हणजे प्रतिकार करणे. वेढा पडलेल्या शहराच्या वर्णनात पहिली दोन नीट ओळखा, नाहीतर नुसता हल्ला झालेलं शहर तुमच्या भाषांतरात पडलेलं असेल.

सरावाला ‘बेल्लो’ (युद्ध करणे) आणि ‘केर्तो’ (चुरशीने झगडणे) याच साच्यात चालवून पाहा. ‘कुस्ती खेळणे’ मात्र एवढ्यात घेऊ नका. ‘लुक्तोर्, लुक्तारिस्, लुक्तातुर्’ ही रूपं दिसायला कर्मणी, अर्थाने कर्तरी असतात. तो गट कर्मणी प्रयोग पक्का झाल्यावरच हाती घ्या.