नदीचा धडा शाळेच्या छपरापासून : शिक्षकांसाठी मार्गदर्शन

नदीविषयी शिकवायचे म्हटले की मुलांना काठावर नेऊन कचरा उचलायला लावणे आणि शपथ देणे एवढ्यावरच बहुतेक उपक्रम संपतात. त्यातून नदी काठावरचे लोकच घाण करतात, असा समज मुलांच्या मनात राहतो. वास्तविक नदीचे पाणी ज्या संपूर्ण भूभागावरून वाहत येते, त्या पाणलोट क्षेत्रातील प्रत्येक छप्पर, रस्ता आणि शेत तिच्या अवस्थेला कारणीभूत असते. म्हणून अभ्यासाची सुरुवात शाळेच्या आवारातच करावी. येथे पुण्याचे उदाहरण घेतले आहे.

प्रथम आवारात बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या गटारात जाते हे मुलांनी बाणांनी कागदावर दाखवावे आणि पुढचा मार्ग नकाशावर शोधावा. कात्रजच्या शाळेतील पावसाचे पाणी आंबिल ओढ्याने मुठेला मिळते. वेताळ टेकडीच्या पाषाणकडील उतारावरचे पाणी राम नदीतून मुळेला जाते, तर कोथरूडकडील उतारावरचे मुठेकडे वळते. एकच टेकडी पाण्याची अशी वाटणी करते, हे मुलांना माथ्यावर उभे करून दाखवता आले तर जलविभाजक ही संकल्पना वेगळी शिकवावी लागत नाही. संगमानंतर मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. सोलापूर शहर हेच पाणी पिते. पुण्यातील मुलाला हा दुवा समजणे मला सर्वांत मोलाचे वाटते. येथे पुरेसा वेळ द्यावा.

त्यानंतर पावसाचा हिशेब घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी जमा होते. सरळ कडांच्या डब्यात मोजपट्टी उभी करून पाऊस मोजता येतो. 300 चौरस मीटरच्या छपरावर 20 मिलिमीटर पाऊस झाला तर 6,000 लिटर पाणी पडते. त्यातले जमिनीत किती मुरले, असा प्रश्न मुलांना विचारावा. उत्तरासाठी सारख्या उताराच्या तीन ट्रेंपैकी एकात गवतासह माती, दुसऱ्यात उघडी माती आणि तिसऱ्यात फरशी ठेवून झारीने सारखेच पाणी शिंपडावे. किती पाणी बाहेर आले, किती वेगाने आले आणि ते किती गढूळ होते, याची नोंद मुलांनीच करावी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराची चर्चा या प्रयोगानंतर करावी. मात्र वर्गात पूरग्रस्त कुटुंबातील मूल असल्यास विशेष संवेदनशीलता बाळगावी.

प्रत्यक्ष निरीक्षणासाठी ओढ्यावरील एकच सुरक्षित जागा निवडून तेथे उन्हाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात जावे. पाण्याचा नमुना शिक्षकांनीच हातमोजे घालून काढावा. मुलांनी पात्रात उतरू नये आणि धरणातून विसर्ग सुरू असताना काठावरही जाऊ नये. पारदर्शक बाटलीतून गढूळपणा, पीएच कागदाने आम्लता आणि तापमापीने तापमान पाहता येते. जलचरही बरेच सांगतात: मेफ्लाय या कीटकाच्या अळ्यांना ऑक्सिजनयुक्त, स्वच्छ पाणी लागते, तर सांडपाण्याच्या गाळात कायरोनोमिड माशीच्या लाल अळ्या तग धरतात.

नोंदी फलकावर लावून थांबू नये. एखाद्या ठिकाणी मैलापाणी थेट ओढ्यात येताना दिसले, तर जागा, तारीख आणि छायाचित्रासह महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला, ग्रामीण भागात ग्रामपंचायतीला, मुलांनी मुख्याध्यापकांमार्फत पत्र लिहावे, पोच घ्यावी आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे. तिसरी-चौथीच्या वर्गांसाठी पाण्याचा मार्ग आणि ट्रेचा प्रयोग पुरेसा आहे. हिशेब, नमुने आणि पत्रव्यवहार सहावीपासून पुढे घ्यावेत.